भट्टीतील स्तोत्र आणि फितीवरील साक्ष

मानवाने आपली श्रद्धा दगडात कोरली, काचेवर रंगविली, ग्रंथांत अक्षरबद्ध केली. परंतु श्रद्धेचा आवाज मात्र शतकानुशतके हवेत विरून जात राहिला. गोव्याच्या रस्त्यांतून घंटा वाजवीत मुलांना धर्मशिक्षणासाठी बोलावणाऱ्या संत फ्रान्सिस झेवियर यांची पत्रे आपल्यापाशी आहेत, त्यांचा स्वर नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे मुद्रित झाले. त्यातील ओव्या आपण आजही वाचू शकतो. पण त्या पहिल्या श्रोत्यांच्या कानी पडल्या तो गळा आणि ती लय कोणत्याही कागदाला धरून ठेवता आली नाही.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ही स्थिती पालटली. ज्या पोप तेराव्या लिओ यांनी १८८६ साली भारतातील ख्रिस्तसभेची धर्मप्रांतरचना उभी केली आणि मुंबईला आर्चबिशपांचे पीठ दिले, त्यांचा वृद्ध, थकलेला आवाज १९०३ साली, निधनापूर्वी काही महिने, ध्वनिमुद्रित झाला. ते ‘नमो मरिया’ म्हणत आहेत. पुढे १२ फेब्रुवारी १९३१ रोजी पोप अकरावे पायस यांनी मार्कोनी यांनी उभारलेल्या व्हॅटिकन नभोवाणीचे उद्घाटन केले आणि पोपमहोदयांचा शब्द एकाच क्षणी अनेक खंडांत ऐकू येऊ लागला. ख्रिस्तसभा यंत्राला भ्यालेली नव्हती. तथापि यंत्रातून आलेला आवाज प्रार्थना ठरू शकतो काय, हा प्रश्न मात्र तेव्हाही अवघड होता आणि आजही तो सुटला आहे असे आम्हांस वाटत नाही.

या प्रश्नाचा मागोवा घेण्यासाठी आम्ही दोन ध्वनिफितींची कहाणी येथे मांडीत आहोत. पहिली १९५६ सालची, जर्मनीतील कलोन शहरातील. तिच्यात एक मुलगा देवाची स्तुती गातो. दुसरी १९६४ सालची, लंडनमधील. तिच्यात सामान्य माणसे देवाविषयी बोलतात. दोन्ही नभोवाणी केंद्रांत जन्मल्या, दोन्ही इलेक्ट्रॉनिक संगीताच्या प्रयोगांतून घडल्या, आणि दोन्ही आज इतिहासाची साधने म्हणून जतन झालेल्या आहेत.

फितीचा जन्म

ध्वनी साठविणारी चुंबकीय फीत ही जर्मनीची देणगी. फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८ साली कागदाच्या पट्टीवर लोहचूर्ण चढवून तिच्यावर आवाज टिपण्याची कल्पना मांडली. १९३५ साली बर्लिनच्या नभोवाणी प्रदर्शनात ए.ई.जी. या कंपनीने ‘मॅग्नेटोफोन’ नावाचे यंत्र लोकांपुढे ठेवले. लवकरच हे यंत्र नाझी राजवटीच्या नभोवाणीच्या सेवेला जुंपले गेले. भाषणे टिपावीत, हवी तेव्हा, हव्या त्या केंद्रावरून पुन्हा ऐकवावीत, आणि ऐकणाऱ्याला ती त्याच क्षणीची वाटावीत, यासाठी फितीइतके सोयीचे साधन दुसरे नव्हते. ज्या फितीवर पुढे स्तोत्र उमटायचे होते, तिच्यावर आधी द्वेष उमटला होता, हे विसरून चालणार नाही.

महायुद्ध संपले तेव्हा कलोन शहर जवळजवळ बेचिराख झाले होते. ३० मे १९४२ च्या रात्री तर हजाराहून अधिक ब्रिटिश विमानांनी त्या एका नगरावर बॉम्ब टाकले. प्रसिद्ध कॅथीड्रलवर युद्धकाळात चौदा बॉम्ब पडले. वास्तू मात्र उभी राहिली. त्याच कॅथीड्रलपासून चार पावलांवर, वालराफप्लाट्झ येथे, युद्धानंतर नभोवाणीचे नवे भवन उभे राहिले. तेथे १८ ऑक्टोबर १९५१ रोजी एक बैठक झाली. संगीतकार व नभोवाणी अधिकारी हर्बर्ट आयमर्ट, ध्वनितंत्राचे जाणकार रॉबर्ट बायर आणि बॉन विद्यापीठातील ध्वनिशास्त्रज्ञ वेर्नर मायर-एप्लर यांच्या प्रयत्नांतून इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक स्वतंत्र कक्ष स्थापण्याचे त्या दिवशी ठरले. त्याच संध्याकाळी या तिघांनी नव्या ध्वनिविश्वाविषयी नभोवाणीवर श्रोत्यांशी संवादही साधला.

या कक्षात व्हायोलिन नव्हते, पियानोही नव्हता. ध्वनिलहरी निर्माण करणारी जनित्रे, आवाज गाळणाऱ्या चाळण्या, फिती, कात्री आणि चिकटपट्टी हीच तेथील वाद्ये. त्या काळच्या एका पद्धतीत फीत सेकंदाला ७६.२ सेंटिमीटर वेगाने धावत असे. म्हणजे एका सेकंदाचा आवाज हाताने मोजण्याजोगा, कापण्याजोगा आणि जोडण्याजोगा लांबरुंद होई. सोनार तार ओढतो तसा संगीतकार काळ ओढू लागला.

भट्टीतून आलेला मुलगा

या कक्षात १९५३ साली पंचविशी न गाठलेला एक तरुण रुजू झाला. त्याचे नाव कार्लहाइन्झ श्टॉकहाउझन. २२ ऑगस्ट १९२८ रोजी कलोनजवळील म्योड्राथ येथे त्याचा जन्म झाला. वडील शिक्षक होते. बालपणाचा मोठा काळ आल्टेनबर्ग या गावी गेला. तेथील जुन्या मठाच्या भव्य चर्चमधील ऑर्गनवादकाकडून त्याने पियानोचे पहिले धडे घेतले.

त्याच्या घरावर कोसळलेले संकट आमच्या वाचकांनी नीट समजून घेतले पाहिजे. त्याची आई गेर्ट्रूड मानसिक आजाराने खचली आणि १९३२ साली तिला रुग्णालयात ठेवण्यात आले. नाझी सत्तेने अशा दुर्बल जिवांना ‘निरुपयोगी’ ठरवून संपविण्याची योजना आखली होती. मे १९४१ मध्ये हाडामार येथील संस्थेत या मातेचा विषारी वायूने वध करण्यात आला. घरी कळविण्यात आले ते आजाराने मृत्यू झाल्याचे. त्यानंतर काही आठवड्यांतच, ऑगस्ट १९४१ मध्ये, म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन यांनी आपल्या व्यासपीठावरून या हत्यांचा जाहीर धिक्कार केला. नभोवाणी सत्तेच्या मुठीत होती. बिशपांची प्रवचने हाताने नकलून, यंत्रलेखन करून, गुप्तपणे घरोघर फिरली. फॉन गालेन यांना २००५ साली धन्यपद देण्यात आले.

मुलगा जेमतेम सोळा वर्षांचा झाला, तोच युद्धाने त्यालाही ओढून नेले. लष्करी रुग्णालयात जखमींना वाहून नेण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. वडील १९४५ साली पूर्वेकडील आघाडीवर गेले ते परतलेच नाहीत. आई, वडील आणि शहर असे सारेच गमावलेल्या या तरुणाने कलोनच्या संगीत महाविद्यालयात शिक्षण पुरे केले आणि १९५२ साली तो पॅरिसला ऑलिव्हिए मेसियाँ यांच्या वर्गात दाखल झाला. मेसियाँ हे निष्ठावंत कॅथलिक आणि चर्चचे ऑर्गनवादक. श्रद्धा ही जुन्या सुरांतच राहते असे नाही, आपल्या काळाच्या ध्वनीतही ती बोलू शकते, हे मेसियाँ यांच्या संगीतात त्याला प्रत्यक्ष ऐकावयास मिळाले.

तीन तरुणांचे स्तोत्र

१९५५ साली श्टॉकहाउझन यांनी नव्या रचनेसाठी शब्द निवडले ते दानिएलच्या ग्रंथातील. कथा आपणा सर्वांस परिचित आहे. राजा नबुखद्नेस्सर याने उभारलेल्या सुवर्णमूर्तीपुढे नमण्यास शद्रख, मेशख आणि अबेद्नगो हे तीन यहुदी तरुण नकार देतात. राजा त्यांना धगधगत्या भट्टीत टाकतो. ज्वाळांमध्ये ते होरपळत नाहीत. उलट गाऊ लागतात. सूर्य, चंद्र, पाऊस, दव, अग्नी, थंडी, पर्वत, पशुपक्षी अशा सकल सृष्टीला ते परमेश्वराच्या स्तुतीचे आवाहन करतात.

हे स्तोत्र तिसऱ्या अध्यायाच्या ग्रीक पाठात आहे, हिब्रू-अरामी पाठात नाही. म्हणूनच कॅथलिक बायबलमध्ये ते दानिएलच्या ग्रंथाचा भाग म्हणून येते, तर प्रॉटेस्टंट परंपरेत ते वेगळ्या पुस्तकांत ठेवले जाते. आपल्या ख्रिस्तसभेत रविवारच्या आणि सणांच्या प्रभातवंदनेत ते म्हटले जाते. जुन्या पद्धतीत मिस्सा आटोपल्यावर धर्मगुरू आभारप्रार्थना म्हणून तेच म्हणत. म्हणजे प्रयोगशाळेत जन्मलेल्या या नव्या संगीताच्या मुळाशी ख्रिस्तसभेच्या नित्य प्रार्थनेतील शब्द होते.

रचनेचे नाव ‘गेझांग डेर युंगलिंगे’, अर्थात ‘तरुणांचे गीत’. आवाज दिला तो योझेफ प्रोच्का या बारा वर्षांच्या मुलाने. पुढे तो जर्मनीतील नामवंत ऑपेरा गायक झाला. त्याने गायलेले स्वर, शब्द आणि अक्षरे फितीवर टिपून, कापून, एकमेकांवर चढवून श्टॉकहाउझन यांनी एकाच बालकंठातून समूह उभा केला. भट्टीतील तिघे, आणि तिघांमागून जणू अवघी मंडळी, एका गळ्यातून उभी राहिली.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मानवी आवाज आणि यंत्राचा आवाज यांचे जुळलेले नाते. मायर-एप्लर यांच्याकडे श्टॉकहाउझन ध्वनिशास्त्र शिकत होते. आपल्या बोलण्यातील स्वर हे संगीतातील सुरांशी नाते सांगतात. ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने ही केवळ हवेची सळसळ असते. हे ध्यानी घेतले तर जनित्रातून निघणारा शुद्ध सूर आणि मुलाच्या तोंडचा ‘आ’, यंत्राची खरखर आणि मुलाच्या तोंडचा ‘श’, यांच्यामध्ये पायऱ्यापायऱ्यांची वाट बांधता येते. म्हणून या रचनेत कधी शब्द पूर्ण विरघळून केवळ ध्वनी उरतो, आणि कधी त्या ध्वनींच्या गदारोळातून ‘प्रभूची स्तुती करा’ या अर्थाचे जर्मन शब्द स्वच्छ ऐकू येतात. जेव्हा जेव्हा शब्द कळतो तेव्हा तो स्तुतीचाच असतो. सव्वातेरा मिनिटांच्या या रचनेसाठी सुमारे दीड वर्षाचे श्रम खर्ची पडले.

ध्वनिवर्धक आणि वेदी

श्टॉकहाउझन त्या काळी भाविक कॅथलिक होते. इलेक्ट्रॉनिक ध्वनी आणि मानवी आवाज यांची एक संपूर्ण मिस्सा रचावी आणि ती कलोनच्या कॅथीड्रलमध्ये सादर व्हावी, असा त्यांचा मूळ मनोदय होता. त्यांचे चरित्रकार मिखाएल कुर्ट्झ लिहितात की, आयमर्ट यांच्यामार्फत धर्मप्रांताच्या कार्यालयाकडे विचारणा झाली आणि ‘चर्चमध्ये ध्वनिवर्धकांना स्थान नाही’ या कारणास्तव ती नाकारण्यात आली. ही हकीकत पुढे शेकडो ठिकाणी उद्धृत झाली. परंतु अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा अशा अर्जाची वा नकाराची कोणतीही नोंद आढळली नाही. श्टॉकहाउझन यांच्या त्या काळातील पत्रांवरून मात्र एवढे दिसते की, नकार आला असे सांगितले जाते त्याच्या आधीपासूनच ते आवाज व इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांच्या धार्मिक रचनेवर काम करीत होते. इतिहासाचा हा विलक्षण न्याय आहे. नकाराचा कागद नाही; स्तुतीची फीत मात्र आहे.

येथे ख्रिस्तसभेला प्रतिगामी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. तिची भूमिका काय होती हे ३ सप्टेंबर १९५८ रोजी पोप बारावे पायस यांच्या कारकिर्दीत प्रसिद्ध झालेल्या पवित्र संगीतविषयक सूचनापत्रात स्पष्टपणे वाचावयास मिळते. ग्रामोफोन, रेडिओ, ध्वनिमुद्रक अशी आपोआप वाजणारी यंत्रे उपासनाविधीत वापरण्यास त्यात सक्त मनाई आहे. गायकवृंदाच्या गायनाला आधार म्हणूनसुद्धा ती चालणार नाहीत. मात्र उपासना चालू नसताना पोपमहोदयांचा वा बिशपांचा शब्द ऐकविण्यासाठी ती चर्चमध्येही वापरता येतील, असे तेच पत्र सांगते. म्हणजे आक्षेप यंत्रावर नव्हता. वेदीभोवती जमलेल्या जिवंत माणसांनी स्वतः गावे, त्यांच्या वतीने यंत्राने गाऊ नये, हा आग्रह होता. आज अनेक ठिकाणी लग्नाच्या मिस्सेत तयार ध्वनिमुद्रणावर गाणी वाजतात आणि मंडळी मूक उभी राहते, तेव्हा त्या आग्रहातील शहाणपण पटल्यावाचून राहत नाही. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनाविषयक दस्तऐवजात पाइप ऑर्गनचा गौरव करूनही, पवित्र कार्यास योग्य अशा अन्य वाद्यांना स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने दार उघडून दिले.

वेदीपाशी स्थान नसलेले स्तोत्र शेवटी नभोवाणीच्या सभागृहात ऐकविले गेले. तारीख होती ३० मे १९५६. व्यासपीठावर गायक नव्हता, वादक नव्हता. श्रोत्यांच्या सभोवती ध्वनिवर्धकांचे पाच गट होते आणि बालकाचा आवाज एका दिशेकडून दुसऱ्या दिशेकडे फिरत होता. दिनदर्शिका पाहिली तर दोन गोष्टी ध्यानी येतात. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ख्रिस्तशरीराचा सण होता. आणि हजार विमानांनी ते शहर जाळले त्या रात्रीला त्याच रात्री चौदा वर्षे पूर्ण होत होती. ही तारीख कोणी मुद्दाम योजली असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या सभागृहातील प्रौढ श्रोत्यांपैकी ज्यांनी ती रात्र पाहिली होती, त्यांना भट्टीतील स्तोत्राचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्याच वर्षी पलीकडचे कॅथीड्रलही दुरुस्त होऊन पूर्णपणे उपासनेसाठी खुले झाले.

श्टॉकहाउझन यांचा अध्यात्मविचार पुढे ख्रिस्तसभेच्या चौकटीबाहेर गेला आणि ५ डिसेंबर २००७ रोजी त्यांचे निधन झाले. पाच मार्गांची ती रचना पुढे चार मार्गांत मिसळण्यात आली आणि त्याच रूपात ती आज ऐकविली जाते. माणसाचा मार्ग बदलला. फितीवरील बारा वर्षांचा मुलगा अजून प्रभूची स्तुती करीत आहे.

नाव नसलेल्यांची साक्ष

कलोनच्या फितीत पवित्र शास्त्राचे शब्द आहेत. दुसऱ्या फितीत शास्त्र नाही, गायलेले स्तोत्रही नाही. तिच्यात रस्त्यावरच्या माणसांची बोलणी आहेत. म्हणूनच ती आम्हांस पहिलीची बहीण वाटते.

लंडनमध्ये बी.बी.सी.ने १ एप्रिल १९५८ रोजी मेडा व्हेल येथील इमारतीत ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ सुरू केला. नभोनाट्यांना आणि कार्यक्रमांना लागणारे नवे ध्वनी तेथे तयार होत. डेझ्मंड ब्रिस्को आणि डॅफ्नी ओरॅम यांनी त्याचा पाया घातला. १९६२ साली तेथे डीलिया डार्बीशर ही तरुणी कामावर आली. १९३७ साली कॉव्हेन्ट्रीत, पत्र्याचे काम करणाऱ्या कामगाराच्या घरी तिचा जन्म झाला होता. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी ते शहर आणि तेथील प्राचीन कॅथीड्रल उद्ध्वस्त केले. हल्ल्याचा इशारा देणारे आणि धोका टळल्याची वर्दी देणारे भोंगे हेच आपल्या कानावर पडलेले पहिले अमूर्त संगीत, असे ती पुढे मुलाखतींत सांगत असे. कलोन आणि कॉव्हेन्ट्री ही एकमेकांच्या राष्ट्रांनी जाळलेली शहरे. त्या दोन शहरांच्या मुलांनी मोठेपणी एकाच साधनातून नवा ध्वनी शोधावा, हे विचार करण्याजोगे आहे.

डीलियाने केंब्रिज येथे गणित आणि संगीत यांचे शिक्षण घेतले. १९५९ साली एका ध्वनिमुद्रण कंपनीने ‘आम्ही स्त्रियांना कामावर घेत नाही’ असे सांगून तिला परत पाठविले होते. वर्कशॉपमध्ये तिला लॉगॅरिथमचे कोष्टक, फीत आणि पाते एवढ्यावर अद्भुत ध्वनी घडविता आले. ‘डॉक्टर हू’ या १९६३ सालच्या दूरचित्रवाणी मालिकेची शीर्षकधून तिने घडविली, पण बी.बी.सी.च्या नियमांमुळे श्रेयनामावलीत तिचे नाव आले नाही. ते प्रथम आले २०१३ साली, तिच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी.

याच काळात नाटककार बॅरी बर्मांज यांनी तिच्या साहाय्याने नभोवाणीसाठी चार कार्यक्रमांची एक मालिका तयार केली. पहिला कार्यक्रम जानेवारी १९६४ मध्ये प्रसारित झाला. त्याचा विषय होता माणसांना पडणारी स्वप्ने. दुसऱ्याचे नाव लॅटिन होते: ‘आमोर देई’, म्हणजे देवप्रीती. १६ नोव्हेंबर १९६४ रोजी तो बी.बी.सी.च्या ‘थर्ड प्रोग्रॅम’वरून ऐकविण्यात आला. बर्मांज यांनी साध्या माणसांच्या मुलाखती घेऊन देव त्यांना कसा जाणवतो हे विचारले होते. मग प्रश्न कापून टाकले, उत्तरे सुटी केली आणि एकमेकांशेजारी गुंफली. कोणी विश्वासाने बोलतो, कोणी साशंक, कोणी देवाला नाकारतो. निवेदक नाही, तज्ज्ञ नाही, निवाडा नाही. बोलणाऱ्यांची नावेही नाहीत. कोणत्या ध्वनीची अपेक्षा आहे असे विचारता बर्मांज यांनी गॉथिक वेदीच्या चित्रचौकटीची उपमा दिली. आणि डीलियाने मानवी गायनाचा आवाज व यंत्राचे सूर यांच्या मिश्रणातून त्या बोलण्याभोवती जणू उंच कमानी उभारल्या.

हे केव्हा घडत होते, याचाही विचार केला पाहिजे. आदल्याच वर्षी अँग्लिकन बिशप जॉन रॉबिन्सन यांच्या ‘ऑनेस्ट टू गॉड’ या पुस्तकाने इंग्लंडमध्ये देवाच्या कल्पनेवरून वादळ उठविले होते. रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन महासभेचे तिसरे सत्र संपत आले होते. कार्यक्रम प्रसारित झाला त्यानंतर पाचच दिवसांनी, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी, महासभेने ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज घोषित केला. बिशपांपासून साध्या प्रापंचिकांपर्यंत समस्त विश्वासीजनांना लाभलेल्या श्रद्धेच्या जाणिवेचा त्यात गौरव आहे. आणि २ डिसेंबर रोजी पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी मुंबईत उतरले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. रोममध्ये धर्माचार्य जे लेखणीने मांडीत होते, लंडनमध्ये एक नाटककार ते ध्वनिमुद्रकाने शोधीत होता, आणि मुंबईच्या मैदानात ते लाखो सामान्य भाविकांच्या रूपाने दिसत होते. या तीन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. पण तिन्हींमागे एकच प्रश्न उभा आहे. श्रद्धेविषयी सामान्य माणसाला काय म्हणायचे आहे?

महासभेचे दस्तऐवज ग्रंथालयांत आहेत. त्या सामान्य माणसाचा आवाज मात्र अशा एखाद्याच फितीवर उरतो.

जपणूक

फीत अमर नसते. जुन्या ॲसिटेटच्या फितींना काळाने आंबूस वास येऊ लागतो आणि त्या वाकड्या होऊन तडकतात. पुढील काळातील अनेक फितींवरील लेप हवेतील दमट शोषून चिकट होतो व यंत्रावर सोलून निघतो. यापेक्षाही मोठा शत्रू म्हणजे माणसाची बेफिकिरी. खर्च वाचविण्यासाठी फिती पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांत सर्रास होती.

वर्कशॉप १९९८ साली बंद झाला. डीलिया डार्बीशर यांचे २००१ साली निधन झाले तेव्हा त्यांच्या घराच्या माळ्यावर न्याहारीच्या धान्याच्या खोक्यांत कोंबलेल्या २६७ फिती सापडल्या. सहकारी मार्क एअर्स यांनी त्या सांभाळल्या. २००७ साली त्या मँचेस्टर विद्यापीठाकडे आल्या आणि त्यांचे अंकीय रूपांतर झाले. आपल्या देशातही असेच घडले. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने इलेक्ट्रॉनिक संगीताचा कक्ष उभा राहिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत तेथे फिती तयार केल्या. त्या संस्थेच्या संग्रहात दशकानुदशके पडून होत्या. पॉल पुर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या शोधून काढल्या आणि त्यांतील निवडक रचना २०२३ साली प्रसिद्ध झाल्या. प्रत्येक वेळी आवाज वाचला तो यंत्रामुळे नव्हे, तर कोणीतरी एक खोके फेकून देण्याआधी उघडून पाहिले म्हणून.

हे सारे परदेशचे आणि प्रयोगशाळेतले, आपल्या धर्मग्रामाशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कॅसेट घरोघर पोहोचली आणि आपल्याही कपाटांत आवाज साठू लागले. लग्नाच्या आदल्या रात्रीची गाणी, आजीने म्हटलेली जुनी क्रूसाची वाट, एखाद्या मिशनरी फादरांचे निरोपाचे प्रवचन, सणाच्या दिवशीचे गायकवृंदाचे लॅटिन सूर. यांतील कित्येक कंठ आता ख्रिस्ताठायी विसावले आहेत. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत कॅसेटवर बुरशी लवकर चढते. ती चढण्याआधी प्रत्येक कॅसेटवर नाव, गाव आणि वर्ष लिहून ठेवावे; ती कोरड्या जागी, उभी, लाउडस्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवावी; जाणकाराकडून तिची प्रत करून घ्यावी; आणि एक प्रत धर्मग्रामाच्या कार्यालयात, बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्यांशेजारी, असावी. नोंदवही सांगते की अमुक माणूस जन्मला, विवाहबद्ध झाला, वारला. तो प्रार्थना कशी करीत होता हे फक्त त्याचा आवाज सांगतो.

‘आमोर देई’मधील माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या माणसांची नावे तरी आपण लिहून ठेवू या.

यंत्रातून आलेला आवाज प्रार्थना ठरतो काय, हा प्रश्न आम्ही आरंभी मांडला होता. फीत प्रार्थना करीत नाही, हे ख्रिस्तसभेचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. उपासनेत आपल्या जागी तिला उभे करता येणार नाही. परंतु कोणी एके काळी भट्टीत उभे राहून गायले, याची साक्ष ती देऊ शकते. आणि साक्ष ऐकणाऱ्याने आपल्या गळ्याने पुढचे कडवे गावे, एवढीच तिची अपेक्षा असते.